बडोद्याची शनिवारची टिपणं : प्रकल्प नोंदी, २०२४

सोमवार, १ जानेवारी

ठरलं. या वर्षी दर शनिवारी सकाळी सात वाजता बडोद्याबद्दल एक मराठी टिपण ऑनलाइन द्यायचं. कॅलेंडरात शनिवार मोजले, बावन्न आले. लिहायची वेळ पहाटे साडेपाच ते साडेसहा. त्यानंतर डबे, मुलीची शाळा, आणि दहाला अलकापुरीतलं सीएचं ऑफिस, जिथे मी हिशेब बघते.

२०१८ च्या फेब्रुवारीत ९१वं मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरलं तेव्हा मी तिन्ही दिवस मांडवात होते. घरी परतताना रोज एकच गोष्ट मनात यायची. आमची पाचवी पिढी या गावात नांदतेय, घरात अजून मराठीच बोलली जाते, पण लिहीत कुणीच नाही. किराणाची यादीसुद्धा गुजरातीत होते. मनात आलेलं ते सहा वर्षं तसंच पडून राहिलं.

टिपणं वाचकांसाठी. या नोंदी कामाच्या. काय जमलं, काय अडलं, पुढच्या खेपेला काय बदलायचं ते इथे लिहीन.

शनिवार, ६ जानेवारी

पहिलं टिपण गेलं. लक्ष्मी विलास राजवाडा, सोळाशे शब्द. मेजर चार्ल्स मँटचा आराखडा, त्याच्यामागे रॉबर्ट चिझमने तडीस नेलेलं काम, १८९० साली वास्तू पूर्ण. सगळं बरोबर आहे. रात्री पुन्हा वाचलं तेव्हा जाणवलं की बडोदं कधी न पाहिलेल्या माणसालाही हे टिपण लिहिता आलं असतं. शाळेला जाताना दहा वर्षं मी त्या राजवाड्याच्या कुंपणाच्या भिंतीलगत चालले, आणि त्यातलं एक वाक्यही यात उतरलं नाही.

शनिवार मात्र चुकला नाही.

शनिवार, १३ जानेवारी

उद्या उत्तरायण, पतंगांचा सण. गाव आजपासूनच धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, चढलंय, त्यामुळे वाचणारे थोडे असणार हे गृहीत धरून लहान टिपण दिलं. विषय रस्त्याकडेला दोरा रंगवणारा माणूस, तीनशे शब्द. दोन खांबांमध्ये दोरा ताणलेला, आणि हा गुलाबी लुगदीचा गोळा मुठीत धरून इकडून तिकडे चालत होता. त्याच्या तर्जनीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती, नाहीतर दोऱ्यानेच बोट कापलं असतं. ती पट्टी मला दिसली कारण मी तिथे दहा मिनिटं उभी राहिले होते.

लिहायला चाळीस मिनिटं लागली. राजवाड्याला चार पहाटा गेल्या होत्या.

शनिवार, २७ जानेवारी

कमाटीबागेतलं म्युझियम. पुन्हा मोठं टिपण झालं. १८९४ ची इमारत, चित्रशाळा, इजिप्तची ममी, मोगल लघुचित्रं, सयाजीरावांनी युरोपातून आणवलेली चित्रं, सगळं आलं. शेवटाकडे एका वाक्यात निळ्या देवमाशाचा सांगाडा.

मंगळवार, ३० जानेवारी

सहा जणांनी उत्तरं पाठवली. पाच जणांनी देवमाशाबद्दलच विचारलंय. समुद्रापासून इतक्या आत तो आला कसा? किती लांब आहे? अजून आहे का? ज्या वस्तूला मी एक वाक्य दिलं होतं तीच नेमकी लोकांना हवी होती. एकीने लिहिलंय की लहानपणी ती त्या सांगाड्याला घाबरून बाबांचा हात घट्ट धरायची. माझ्या सतराशे शब्दांत अशी एकही ओळ नव्हती.

शनिवार, ३ फेब्रुवारी

बुधवारी अर्धी रजा काढून मुलीला घेऊन पुन्हा गेले. फक्त देवमासा बघायचा, बाकी कशाकडेही बघायचं नाही, असं ठरवून. सांगाडा ७२ फुटांचा. १९४४ साली भरतीबरोबर तो मासा मही नदीच्या मुखात शिरला आणि अडकला. मुलगी बरगड्या मोजत सांगाड्याच्या कडेने चालली, तीनदा आकडा चुकला, चौथ्यांदा तिने प्रत्येक बरगडीसाठी वहीत रेघ ओढली. टिपण त्या रेघांपासून सुरू केलं. चारशे वीस शब्द.

आजवरच्या पाच टिपणांत हेच मला आवडलं. यापुढे एका शनिवारी एकच वस्तू, आणि ती मी त्याच आठवड्यात डोळ्यांनी पाहिलेली असली पाहिजे. आठवणीवर विसंबून लिहायचं नाही. आठवण गोलमटोल असते, तिच्यात सायकलच्या ट्यूबची पट्टी नसते.

रविवार, ३ मार्च

आत्याकडे कारेलीबागेत गेले होते. मोतीबिंदूमुळे तिला फोनवर वाचता येत नाही, म्हणून कालचं टिपण मोठ्याने वाचून दाखवलं. पहिला परिच्छेद संपला तरी तिचं लक्ष भाजी निवडण्यात. दुसऱ्या परिच्छेदात सूरसागरच्या काठावरच्या फुगेवाल्याचं नाव निघालं तशी मेथीची जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "हां, आता बोल."

घरी येऊन मागची सगळी टिपणं काढून बघितली. बहुतेकांचा पहिला परिच्छेद घसा खाकरण्यातच गेलाय. "बडोदा हे संस्कारनगरी म्हणून ओळखलं जातं" असं वाक्य मी नऊ टिपणांत दोनदा लिहिलंय. आता लिहिताना तो परिच्छेद येऊ देते, कारण त्याच्याशिवाय हात चालत नाही, आणि शुक्रवारी पहाटे तो काढून टाकते.

यापुढे टिपण देण्याआधी आत्याला वाचून दाखवायचं. गुरुवारी संध्याकाळी, फोनवर. ती "म्हणजे काय गं?" म्हणाली की तिथे पेन्सिलीने खूण करायची.

शनिवार, ३० मार्च

वर्षअखेर. ऑफिसातून रात्री साडेनऊला सुटतेय. तरी टिपण गेलं, कारण फेब्रुवारीपासून दोन टिपणं शिलकीत ठेवलीत. रोकडवहीत शिल्लक उणे दाखवता येत नाही, तसंच हे. शिलकीतलं एक गेलं की पुढच्या दहा दिवसांत दुसरं घालायचं. नेटाने लिहिणं म्हणतात ते माझ्या बाबतीत तरी या दोन टिपणांवर चाललंय.

शनिवार, २० एप्रिल

मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय. परवानगी काढून पुस्तकांच्या मांडणीच्या दालनात गेले. अमेरिकेहून आणवलेली लोखंडी मांडणी, आणि मजल्यांना जाड काचेच्या लाद्या, म्हणजे वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोचतो. वरून कुणी चाललं की खाली उभ्या माणसाच्या डोक्यावर पावलांची धूसर सावली सरकते. पाच मिनिटं मान वर करून तेवढंच बघत राहिले.

विल्यम बोर्डन हे अमेरिकन ग्रंथपाल १९१० साली सयाजीरावांच्या बोलावण्यावरून बडोद्यात आले आणि १९१३ पर्यंत राहिले. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेडोपाडी पाठवायची फिरती ग्रंथालयं त्या काळातली. १९१२ पासून इथून 'लायब्ररी मिसेलनी' नावाचं नियतकालिक निघत होतं, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. या शहरात नेमाने मराठी मजकूर काढणाऱ्यांची ओळ केवढी जुनी आहे! त्या ओळीत मी शेवटी येऊन उभी राहिलेय असं वाटलं, आणि त्या दिवशी लिहिताना पाठ आपोआप ताठ झाली.

टिपणात मात्र फक्त काच ठेवली. पेट्या वेगळ्या शनिवारी.

शनिवार, ११ मे

एकोणिसावं टिपण, रावपुऱ्यातला चिमणाबाई टॉवर. झटक्यात लिहून झालं. आत्याला वाचून दाखवायचं राहिलं, ती लग्नाला नवसारीला गेलीय.

मंगळवार, १४ मे

सकाळी सव्वाआठला फोन. वाडी भागातले एक निवृत्त शिक्षक, वय चौऱ्याऐंशी. आवाज शांत, पण मुद्दा सोडणारा नव्हे.

"ताई, तुमच्या टॉवरातली बाई चुकली."

मी लिहिलं होतं, की ज्यांच्या नावाने टॉवर उभा आहे त्या चिमणाबाई १९२७ साली अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. काका म्हणाले, "टॉवर १८९६ चा. तो पहिल्या चिमणाबाईंचा, तंजावरच्या लेकीचा. त्या १८८५ सालीच गेल्या. परिषदेच्या अध्यक्ष झाल्या त्या दुसऱ्या, देवासच्या गजराबाई, लग्नानंतर त्यांचंही नाव चिमणाबाईच ठेवलं. त्या १९५८ पर्यंत होत्या. गेलेल्या बाईच्या आठवणीचा टॉवर तुम्ही जिवंत बाईला देऊन टाकलात."

कान तापले. फोन ठेवून वही काढली. दोन्ही चिमणाबाई एकाच पानावर होत्या, एकीखाली एक, आणि माझ्या पेनाने त्यांची एकच बाई केली होती. ऑफिसात एकाच नावाचे दोन क्लायंट असले तर पॅन बघितल्याशिवाय मी एक नोंद पुढे टाकत नाही. इथे मी नावावर विश्वास ठेवला.

टॉवर म्हटलं की मला रिक्षावाल्याला सांगायचं ठिकाण आठवतं. तंजावराहून लग्न होऊन आलेली आणि विशीतच गेलेली मुलगी मला आजवर कधी आठवली नव्हती. चुकीचं वाईट वाटलं, त्याहून याचं अधिक वाटलं.

शनिवार, १८ मे

विसाव्या टिपणाच्या आधी दुरुस्ती दिली. जुन्या टिपणातलं वाक्य गुपचूप बदलता आलं असतं, दोन मिनिटांचं काम. पण दोघी वाचकांनी ते आधीच आपापल्या नातेवाइकांना पाठवलंय, आणि त्या फोनांमध्ये चुकीचीच बाई राहणार. म्हणून चुकलेलं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, त्याखाली बरोबर काय ते लिहिलं, आणि दाखवून देणाऱ्या वाडीतल्या काकांचे नाव न घेता आभार मानले. नाव नको म्हणाले.

नवी सवय : मसुद्यात ज्या ज्या माणसाचं नाव येईल त्याच्यापुढे समासात जन्म-मृत्यूची सालं लिहायची. सालं लिहिता आली नाहीत, तर तो माणूस टिपणात घ्यायचा नाही.

काकांना विचारलं, टिपण जाण्याआधी एकदा बघाल का? "शुक्रवारी सकाळी पाठवा, दूध आल्यावर बघतो," म्हणाले.

गुरुवार, १३ जून

आज लिहिलं काहीच नाही, तासभर अक्षरं दुरुस्त केली.

आतापर्यंतची टिपणं एका फाइलीत घेतली आणि 'पायऱ्या' हा शब्द शोधला. सूरसागरच्या, टॉवरच्या, ग्रंथालयाच्या, मिळून दहाबारा ठिकाणी यायला हवा होता. पाच ठिकाणी आला. कारण कळायला वेळ लागला. ऑफिसातल्या कीबोर्डवर मी 'ऱ्या' एका पद्धतीने टाइप करते, फोनवर दुसऱ्या पद्धतीने. एकीकडे त्यासाठी वेगळा ऱ आहे, दुसरीकडे साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारं एक जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, संगणकाला ते दोन वेगळे शब्द.

'ॲडव्होकेट'चंही तेच. मराठीचा ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसूचीत, २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी सगळे अ वर चंद्र देऊन काम भागवायचे आणि पुष्कळ जण अजून तसंच करतात. माझ्या न्यायमंदिराच्या टिपणात दोन्ही तऱ्हेचे ॲडव्होकेट निघाले.

कुणी म्हणेल याने काय बिघडतं. दहा वर्षांनी कुणी बडोद्याच्या पायऱ्यांबद्दल शोधलं आणि अर्ध्याच सापडल्या, तर बाकीच्या पायऱ्या मी लिहून न लिहिल्यासारख्याच. सगळीकडे एकच ऱ आणि एकच ॲ केला.

एका मंडळाच्या जुन्या स्मरणिकेतला मजकूरही मिळाला होता, पण तो युनिकोडपूर्व फॉन्टमधला. चिकटवला की नुसती चिन्हांची खिचडी. तो हाताने पुन्हा टाइप करायला घेतलाय, रोज अर्धं पान.

शनिवार, २९ जून

मागच्या शनिवारी सेव उसळीवर लिहिलं होतं. पांढऱ्या वाटाण्याची उसळ, वरून तिखट तरी, भरपूर जाड सेव, कांद्याची पात, आणि पाव. गुजरातच्या या गावात हा पदार्थ 'उसळ' आणि 'तरी' हे मराठी शब्द घेऊन नांदतोय, हा माझा मुद्दा होता. ते टिपण आजवरच्या कुठल्याही टिपणापेक्षा जास्त फिरलं. म्हणून या आठवड्यात लिलो चेवडो, म्हणजे इथला ओला चिवडा, लिहायला बसले.

तीन दिवस बसले, वाक्यं आली, पण सांगण्यासारखं काही नव्हतं. उसळीत मला दोन शब्दांबद्दल बोलायचं होतं, चिवड्यात फक्त उसळीचं यश पुन्हा हवं होतं. मसुदा बाजूला ठेवला आणि शिलकीतलं फिरत्या ग्रंथालयाच्या पेट्यांचं टिपण दिलं. तीन उत्तरं आली. त्यातलं एक अशा बाईंचं, ज्यांच्या आजोळी पादऱ्याजवळच्या खेड्यात तशी पेटी येत असे. त्या पेटीला आतून निळा कागद लावलेला होता, म्हणतात.

शनिवार, २७ जुलै

रिटर्नचे दिवस, ३१ तारीख डोक्यावर. शिलकीतून टिपण गेलं. शिलकीतल्या टिपणांना तारीख-वेळ लावून ठेवायची सोय आहे असं कळलं, म्हणजे शनिवारी सातला ती आपोआप जातील. तीन लावून ठेवली.

सोमवार, २ सप्टेंबर

आठ दिवसांची नोंद एकत्र.

२६ ऑगस्टपासून पाऊस थांबेना. विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली. कारेलीबाग, समा, फतेगंज, अकोटा, सगळीकडे पाणी. आत्या तळमजल्यावर. सोमवारी रात्रीच तिला आमच्याकडे आणलं म्हणून बरं, मंगळवारी तिच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. शेजारच्या सोसायटीत मगर आली. वीज नाही, फोनला रेंज येऊन-जाऊन.

शुक्रवारी रात्री अकराला, मेणबत्तीच्या उजेडात आत्याच्या पायाला मलम लावताना आठवलं. शनिवारी सातचं टिपण लावून ठेवलेलं आहे, आणि ते आजवा सरोवरावर आहे! १८९२ मध्ये शहराच्या पाण्यासाठी बांधलेलं सरोवर, किती दूरदृष्टीचं काम, असा त्याचा सूर. त्याच आजव्यातून सोडलेलं पाणी विश्वामित्रीत येत होतं आणि लोक गच्च्यांवर बसून होते. ज्यांच्या घरात चिखल आहे त्यांच्या फोनवर सकाळी सातला माझं कौतुकाचं टिपण वाजलं असतं.

रेंज नव्हती. छत्री घेऊन जिना चढून धाब्यावर गेले, पाण्याच्या टाकीमागे एक काडी मिळाली. तिसऱ्या प्रयत्नात टिपण थांबलं. अकरा बावन्न झाले होते.

तो शनिवार रिकामा गेला. वर्षातला पहिलाच. त्याचं वाईट वाटलं नाही.

आता टिपण आपोआप पाठवायचं नाही. शिल्लक ठेवायची, पण शनिवारी सकाळी उठून, बाहेर बघून, स्वतःच्या हाताने द्यायचं.

बुधवार, ४ सप्टेंबर

आत्याच्या घरची सफाई. तिच्या हिशेबाच्या वह्या खालच्या फडताळात होत्या. लग्नापासूनच्या, रोजच्या रोज लिहिलेल्या. दूध, भाजी, रॉकेल, माहेरच्या पाहुण्यांना दिलेल्या साड्या. शाईच्या पेनाने लिहिलेली वर्षं निळं पाणी होऊन गेली. बॉलपेनची वर्षं वाचली, त्या शाईत तेल असतं. पानं उन्हात न टाकता पंख्याखाली पसरली, मधे मधे टिपकागद. उन्हात वाळवलं की कागद वेडावाकडा होतो आणि पुटकुळतो.

आत्या शाईच्या वहीचं एक कोरं झालेलं पान हातात धरून बसली होती. "यात तुझ्या बाबांच्या मुंजीचा खर्च होता," एवढंच म्हणाली.

रात्री हिशेब केला. माझी चौतीस टिपणं कुठे आहेत? ऑनलाइन, आणि या एका फोनमध्ये. म्हणजे तीही तळमजल्यावरच आहेत. सगळी साध्या मजकुराच्या फाइलीत काढली, एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक इंदूरला बहिणीकडे, आणि एक छापून. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हे करायचं.

शनिवार, २१ सप्टेंबर

संकल्पभूमी. वर्षभर हा विषय पुढे ढकलत होते.

बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेले डॉ. आंबेडकर १९१७ च्या सप्टेंबरात इथे नोकरीला आले. राहायला कुणी जागा दिली नाही. पारशी धर्मशाळेतून हुसकावलं गेल्यावर कमाटीबागेत झाडाखाली बसून त्यांनी जे ठरवलं, त्याचं हे ठिकाण. पहिल्या मसुद्यात मी विशेषणांवर विशेषणं चढवली होती. आत्याला वाचून दाखवताना माझाच आवाज मला खोटा वाटला. विशेषणं काढली, सालं आणि ठिकाणं ठेवली. मग एक वाक्य घातलं, की तेव्हा आमचं घर याच गावात होतं, आणि जी दारं त्यांना बंद होती त्यांत आमच्यासारख्या घरांची दारंही होती.

हे वाक्य ठेवू की नको, यावर दोन पहाटा गेल्या. काकांनी शुक्रवारी मसुदा परत पाठवला. त्या वाक्याखाली त्यांनी काही लिहिलं नव्हतं, फक्त समासात बरोबरची खूण होती.

शनिवार, ५ ऑक्टोबर

परवा, ३ तारखेला, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. त्याच रात्री नवरात्र बसलं. गाव पहाटेपर्यंत गरब्यात, शनिवारी सातला सगळे झोपलेले. टिपण सातलाच दिलं. उत्तरं दुपारी आली.

शनिवार, ९ नोव्हेंबर

पुण्याच्या एका वाचकाने विचारलंय, 'धाबं' का लिहिता, 'गच्ची' लिहा. दोन दिवस विचार केला. धाब्याचं घर मराठीत आहेच, आणि बडोद्यात उत्तरायणाला कुणी गच्चीवर चढत नाही, धाब्यावरच चढतं. शब्द ठेवला. मी बडोद्याबद्दल पुण्याच्या मराठीत लिहिलं तर इथल्या माणसाला ते टिपण आपलं वाटणार नाही. पुण्याच्या वाचकाला एक शब्द नवा मिळेल, त्यात त्याचा तोटा नाही.

काकांशी मात्र अनुस्वारांवरून अजून मिटलेलं नाही. त्यांचं शालेय शिक्षण १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचं. ते आजही 'नांव' आणि 'कांहीं' लिहितात. माझं 'केलं', 'गेलं' बघून म्हणाले, "तुमचा अनुस्वार उच्चाराचा, आमचा व्युत्पत्तीचा." त्यांच्या खुणा मी जपून ठेवतेय. त्या पेन्सिलीत मला वडिलांच्या पिढीची शाळा दिसते.

शनिवार, १४ डिसेंबर

पाचच्या थंडीत उठवत नाही. टिपण गेलं. तांबेकर वाड्याच्या भिंतीवरच्या चित्रातला एकच घोडा.

शनिवार, २८ डिसेंबर

एक्कावन्नावं टिपण, आजवा सरोवर. ऑगस्टात थांबवलेलंच, पण जुन्या मसुद्यातलं एकच वाक्य उरलं, १८९२ चं. मागच्या रविवारी मुलीला घेऊन बांधावर जाऊन आले. पाणी शांत, पक्षी बसलेले. तिथून परतताना आत्याच्या घरी थांबलो. नवा रंग दिलाय, तरी स्वयंपाकघरात फडताळाच्या आत पाण्याची रेघ राहिलीय, आत्याने ती रंगवू दिली नाही. मुलीने पट्टीने मोजली, जमिनीपासून ३८ इंच. टिपणात सरोवर आणि ती रेघ, दोन्ही आहेत.

गुरुवारी आत्याला वाचून दाखवलं तेव्हा ती मधे एकदाही "म्हणजे काय गं" म्हणाली नाही. शेवटी म्हणाली, "रेघ छत्तीस इंचांवर आहे. पट्टीच्या टोकाची दोन बोटं तुटलीत, ती माझीच पट्टी."

शुक्रवारी ऑफिसातून सुटल्यावर टेप घेऊन गेले. छत्तीस. सुधारून मग दिलं. सोमवारी काकांकडून नोव्हेंबरच्या मसुद्यांची पिशवी आणायची, आणि स्मरणिकेची अजून अकरा पानं टाइप करायची आहेत.